अर्धी कवळी आणि फसफसणारी गोळी: जंतू किती मरतात, किती उरतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

काही दात शिल्लक असताना गेलेल्या दातांच्या जागी जी काढता-घालता येणारी कवळी बसवतात, तिला कोणी अर्धी कवळी म्हणतं, कोणी पार्शल डेंचर, कोणी नुसतंच पार्शल. ती बनवून देणं हे माझं रोजचं काम. कवळी हातात दिल्यावर पहिल्या आठवड्यातच प्रश्न यायला लागतात आणि त्यांतले बरेचसे कवळी साफ करायला पाण्यात टाकतात त्या फसफसणाऱ्या गोळीबद्दलचे असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आपल्या कवळीला लागू असेल तेवढंच वाचलंत तरी चालेल, पण प्रश्न ३ आणि ४ मात्र सगळ्यांनी वाचा.

१. या गोळीत असतं तरी काय?

पाण्यात टाकल्यावर जे फसफसतं, ते सोडा आणि सायट्रिक ॲसिड एकत्र आल्यामुळे. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. दिसायला तेच सगळ्यात जोरदार, पण जंतू मारण्याचं मुख्य काम ते करत नाहीत. ते काम ऑक्सिजन सोडणाऱ्या घटकांचं. सोडियम परकार्बोनेट किंवा परबोरेट पाण्यात विरघळून हायड्रोजन पेरॉक्साइड देतात आणि बऱ्याच गोळ्यांत त्यांच्या जोडीला पोटॅशियम मोनोपरसल्फेट असतं. शिवाय साबणासारखा एखादा घटक, काही गोळ्यांत प्रथिनं तोडणारं एन्झाइम, थोडा रंग आणि पुदिन्याचा वास.

२. पाकिटावर "९९.९ टक्के जंतू मारते" असं लिहिलंय. खरं आहे का?

खोटं नाही, पण हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. अशा दाव्यामागची चाचणी कशी केली होती, ते आधी पाहावं लागतं. पाण्यात सुटे तरंगणारे जंतू घेऊन त्यांच्यावर गोळी वापरली, तर ते भराभर मरतात. तेच जंतू कवळीला चिकटून, एकमेकांत गुंतून थर करून बसले, की त्यांना मारणं कितीतरी अवघड होतं. तोंडातल्या कवळीवर असतो तो हा दुसरा प्रकार.

दुसरी गोष्ट हिशेबाची. कवळीवर १ कोटी जंतू असतील आणि त्यातले ९९.९ टक्के मेले, तर १० हजार उरतात. एकाचे दोन, दोनाचे चार असे ते वाढत गेले, की दहा वेळा दुप्पट झाल्यावर पुन्हा १ कोटीच्या वर जातात. म्हणून आठवड्यातून एकदा गोळी टाकून भागत नाही, सफाई रोजची लागते. गोळी कवळीला स्वच्छ व्हायला मदत करते. शस्त्रक्रियेच्या अवजारांसारखं निर्जंतुक करत नाही आणि घरच्या वापरासाठी तशी गरजही नसते.

३. नुसती गोळीत बुडवून ठेवली, ब्रश केला नाही, तर चालेल ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा.

कवळीवरचा बुळबुळीत थर म्हणजे जंतू आणि त्यांनी स्वतःभोवती विणलेलं चिकट जाळं. गोळीचं पाणी वरून आत शिरायला लागतं आणि वाटेतच त्याची ताकद संपत जाते. वरचे जंतू मरतात, तळाचे बरेचसे वाचतात. मेलेले जंतूसुद्धा आपोआप गळून पडत नाहीत. ते तिथेच राहतात आणि नव्या जंतूंना बसायला आयती बैठक मिळते.

एक बाई रोज नेमाने गोळी वापरायच्या. कवळी खरंच लखलखीत दिसत होती आणि पुदिन्याचा छान वास येत होता. मी तिच्यावर थर दाखवणाऱ्या गुलाबी रंगाचे थेंब टाकले आणि नळाखाली धरली. वरचा सपाट भाग जवळजवळ कोरा निघाला. पण दातांना धरणाऱ्या दोन्ही हुकांच्या आतल्या बाजूला गडद गुलाबी रेघ राहिली आणि हिरडीवर टेकणाऱ्या बाजूला, कृत्रिम दाताच्या मुळाशी एक पट्टा. दोन्ही जागा डोळ्यांना दिसत नाहीत आणि नेमक्या तोंडातल्या जिवंत भागाला टेकतात. त्यांना मी त्याच बेसिनपाशी ब्रश दिला. हुकाच्या आत चार-पाच वेळा फिरवल्यावर रेघ गेली. त्या कितीतरी वेळ कवळीकडे बघत राहिल्या.

माणसांवर झालेल्या चाचण्यांतूनही साधारण हेच दिसतं: नुसता ब्रश किंवा नुसती गोळी यांपेक्षा दोन्ही मिळून जंतू जास्त कमी होतात. मात्र कवळी साफ करण्याच्या पद्धतींचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २००९ मध्ये आढावा घेतला, तेव्हा अमुक एकच पद्धत सगळ्यांत सरस आहे असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा त्यात सापडला नव्हता. म्हणून कोणी एका गोळीचं नाव घेऊन "हीच सर्वोत्तम" म्हणालं, तर मान डोलावू नका.

४. पूर्ण कवळीपेक्षा अर्ध्या कवळीची एवढी काळजी का?

कारण अर्ध्या कवळीच्या शेजारी तुमचे स्वतःचे दात उभे आहेत. पूर्ण कवळी अस्वच्छ राहिली तर हिरडी आणि टाळू लाल होतात. अर्धी कवळी अस्वच्छ राहिली तर तेही होतं आणि शिवाय ज्या दाताच्या आधारावर ती बसते, तोच दात किडतो. हुकाच्या आत बसलेला थर दिवसभर त्या दाताला चिकटून असतो. लाळ तिथे नीट पोहोचत नाही, जीभही पोहोचत नाही. किडीला कारण होणारा स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स अशा जागी मजेत राहतो. कीड बहुतेक वेळा हिरडीलगत, मुळावर लागते आणि फार उशिरा कळते. आधाराचा दात गेला, की कवळी पुन्हा नवी करावी लागते आणि ती धरायला आता एक दात कमी असतो. हे चक्र मी फार वेळा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण दोन मिनिटांच्या ब्रशने ते थांबलं असतं.

म्हणून कवळी काढल्यावर तोंडातले दातही घासा, विशेषतः हूक बसतो तो दात आणि मोकळ्या जागेकडची त्याची बाजू. फ्लोराइडची पेस्ट दातांना लावा, कवळीला नको (प्रश्न ६).

५. आधी ब्रश की आधी गोळी?

आधी ब्रश. थर मोडला की गोळीचं पाणी आतपर्यंत पोहोचतं. मग गोळीत ठेवा. बाहेर काढल्यावर पुन्हा हलका ब्रश फिरवा, म्हणजे सैल झालेलं सगळं निघून जाईल. शेवटी वाहत्या पाण्याखाली चांगली धुवा. गोळीचं पाणी अंगावर असलेली कवळी तशीच तोंडात घालायची नाही.

धुताना बेसिनमध्ये थोडं पाणी भरा किंवा खाली टॉवेल अंथरा. हातातून सटकलेली कवळी बेसिनवर आपटली की हूक वाकतो आणि वाकलेला हूक घरी पक्कडीने सरळ करायला गेलात की तुटतो.

६. कशाने घासायची? टूथपेस्ट चालत नाही का?

मऊ ब्रश, आणि भांडी किंवा हात धुवायच्या साध्या द्रव साबणाचा एक थेंब. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक कण असतात. दाताच्या कठीण कवचाला ते चालतात, कवळीचं ॲक्रिलिक (ती ज्याची बनते ते कडक प्लास्टिक) मात्र त्याहून खूप मऊ असतं. त्यावर ओरखडे पडतात. पृष्ठभागाचा खडबडीतपणा साधारण ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की जंतू जास्त चिकटायला लागतात, आणि असे ओरखडे डोळ्यांना दिसतही नाहीत.

हुकाच्या आत मोठा ब्रश जात नाही. दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश मिळतो, तो तिथे वापरा.

७. पाण्याचा निळा रंग गेला, म्हणजे जंतू मेले का?

रंग गेला म्हणजे पाण्यातल्या ऑक्सिजनने रंग फिका केला, एवढंच. वेळ मोजायला तो बरा. कवळीवर काय उरलंय हे त्यातून कळत नाही. फसफस थांबली म्हणजे काम संपलं, असंही नाही.

८. बुरशीवर गोळी चालते का?

चालते, पण बॅक्टेरियांवर चालते तितकी नाही. कवळीवर राहणारी बुरशी म्हणजे मुख्यतः कॅन्डिडा अल्बिकन्स. तिच्याजवळ कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. म्हणजे गोळीचं हत्यार ती काही प्रमाणात बोथट करते. किडीच्या स्ट्रेप्टोकोकसकडे हे एन्झाइम नसतं. शिवाय बुरशी लांब तंतू काढून ॲक्रिलिकच्या बारीक छिद्रांत आणि भेगांत शिरते. जिथे कवळी दुरुस्त केलेली आहे, तिथे छिद्रं जास्त असण्याची शक्यता असते. त्या सांध्यावर ब्रश जरा जास्त वेळ फिरवा.

टाळू लाल झाला असेल तर प्रश्न १४ पाहा.

९. पाच मिनिटं पुरतात की रात्रभर ठेवावी?

पाकिटावर लिहिलेला वेळ हा कमीत कमी वेळ समजा. तीन-पाच मिनिटांत डाग आणि वास जातो, वरवरचे जंतू मरतात. थराच्या आत पोहोचायला जास्त वेळ लागतो. वृद्धाश्रमात राहणाऱ्या लोकांवर झालेल्या चाचण्यांत रात्रभर गोळीच्या पाण्यात ठेवलेल्या कवळ्यांवर नुसत्या पाण्यातल्या कवळ्यांपेक्षा थर कमी आढळला आहे.

पण हे सगळ्या कवळ्यांना सरसकट लागू करू नका. पूर्ण ॲक्रिलिकची असेल आणि पाकिटावर रात्रभर चालते असं लिहिलं असेल, तर ठेवा. धातू असेल तर प्रश्न १०, लवचीक असेल तर ११, आत मऊ अस्तर असेल तर १२.

१०. माझ्या कवळीत धातूची फ्रेम आहे. गोळीने ती काळी पडेल का?

फ्रेम बहुधा कोबाल्ट-क्रोमियमची असते आणि साध्या तारेचे हूक स्टेनलेस स्टीलचे. पाकिटावर सांगितलेल्या वेळेपुरती गोळी त्यांना सहसा बाधत नाही. मात्र ऑक्सिजन सोडणाऱ्या पाण्यात रोज रात्र रात्र पडून राहिलं, तर चकाकी जाऊ शकते. त्यामुळे धातू असेल तर सांगितलेला वेळ झाला की बाहेर काढायची, धुवायची आणि उरलेली रात्र साध्या पाण्यात ठेवायची. पार्शलसाठी म्हणून वेगळ्या गोळ्या मिळतात. धातूची फ्रेम असेल तर त्या घ्याव्यात असं माझं मत आहे.

गोळीपेक्षा कितीतरी मोठा धोका ब्लीचचा (प्रश्न १३).

११. लवचीक, नायलॉनची कवळी आहे. तिला हीच गोळी चालेल?

बनवून देणाऱ्याने जी गोळी सांगितली असेल, तीच वापरा. नायलॉन कठीण ॲक्रिलिकसारखं गुळगुळीत चकचकीत करता येत नाही आणि वापराने लवकर खरखरीत होतं. त्यावर बुरशी जास्त बसते आणि चहा-कॉफीचे डागही. कडक केसांचा ब्रश तर अजिबात नको. हिच्या बाबतीत भिजवण्याला जास्त महत्त्व आहे, पण मऊ ब्रश सुटत नाहीच.

१२. कवळीच्या आत मऊ अस्तर लावलंय. त्याचं काय?

जपून. दुखऱ्या हिरडीसाठी काही दिवसांपुरतं लावलेलं अस्तर पेरॉक्साइडच्या पाण्यात फुगतं, त्यात बुडबुडे धरतात आणि ते लवकर कडक होतं. सिलिकॉनचं अस्तर जास्त टिकतं. तुमचं कोणतं आहे ते लावणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. तोवर वाहतं पाणी आणि अगदी मऊ ब्रश किंवा बोटाची टोकं. छिद्रं पडलेल्या अस्तरात बुरशी खोलवर बसते आणि तिथून ती कोणत्याच गोळीने निघत नाही. असं अस्तर बदलूनच घ्यावं.

१३. ब्लीचने सगळं साफ होतं म्हणतात. मग गोळी कशाला?

ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, जंतू मारतं आणि त्यांचं चिकट जाळंही विरघळवतं. त्या बाबतीत ते गोळीपेक्षा वरचढ आहे, हे मान्य. अमेरिकेतल्या प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दात बसवणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने २०११ मध्ये पूर्ण कवळ्यांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात ब्लीचमध्ये १० मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवू नये असं सांगितलं आहे. पण ते पूर्ण कवळ्यांसाठी. अर्ध्या कवळीत धातू असतो आणि क्लोरिन धातूला खड्डे पाडतं. एकदा हूक असा खड्ड्यांचा झाला की त्यात जंतू बसतात आणि पुढे तो तिथेच तुटतो. ॲक्रिलिकचा रंगही उडतो. धातूच्या कवळीला ब्लीच कधीच नको. बिनधातूच्या कवळीला डॉक्टरांनी प्रमाण सांगितलं तरच.

आणि ब्लीच कशातही मिसळू नका. व्हिनेगरबरोबर त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

१४. कवळीखालचा टाळू लाल झालाय, दुखत मात्र नाही. गोळी बदलू का?

गोळी बदलून हे जाणार नाही. कवळीच्या आकाराएवढीच लाली दिसत असेल, तर बहुधा तो कवळीमुळे आलेला तोंडाचा दाह आहे. तो बऱ्याचदा दुखत नाही, म्हणूनच लोक महिनोन्महिने दुर्लक्ष करतात. बुरशी हे एक कारण. सोबतीला कवळी नीट न बसणं, ती रात्रंदिवस तोंडात असणं, तोंड कोरडं पडणं, मधुमेह किंवा दम्याचा स्टिरॉइडचा पंप, यांतलं काहीतरी असू शकतं.

औषध तोंडाला आणि सफाई कवळीला, दोन्ही एकाच वेळी व्हावं लागतं. नाहीतर बरा झालेला टाळू त्याच कवळीमुळे पुन्हा बाधतो. एक गोष्ट मुद्दाम सांगते: रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेत असाल, तर बुरशीचं मायकोनॅझोल जेल स्वतःहून आणून लावू नका. दोन्हींची गाठ पडली की रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांना आधी सांगा.

१५. रोज नीट साफ करतो. मग रात्री घालून झोपलो तर काय बिघडलं?

झोपेत लाळ कमी होते, थर निवांत वाढतो आणि हिरडीला मोकळी हवा मिळत नाही. वयस्कर माणसांत आणखी एक भीती असते: कवळीवरचे जंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जाण्याची. जपानमध्ये ८५ आणि त्यावरील वयाच्या ५२४ जणांची तीन वर्षं नोंद ठेवली. कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून कवळीमुळेच न्यूमोनिया झाला असं सिद्ध होत नाही, पण कवळी रात्री काढून ठेवण्यासाठी मला तेवढं कारण पुरेसं वाटतं.

१६. पाणी किती गरम घ्यायचं? उकळून घेतली तर जंतू मरतील ना?

जंतू मरतील आणि कवळीही. उकळत्या पाण्यात ॲक्रिलिक वाकतं, पांढरट पडतं आणि मग ती तोंडात बसत नाही. पाणी कोमट हवं, हाताला सुखावेल इतकंच. फार गरम पाण्यात गोळीतलं एन्झाइमही निकामी होतं. मायक्रोवेव्हमध्ये धातूची कवळी घालायचा विचारसुद्धा नको.

१७. कालचंच पाणी आज वापरलं तर? आणि आम्हा दोघांच्या कवळ्या एका डबीत ठेवल्या तर?

दोन्ही नको. ऑक्सिजन सोडून झालेलं पाणी म्हणजे सुटलेल्या मळाचं पाणी. डबी प्रत्येकाची वेगळी. डबीही रोज साबणाने धुवून कोरडी करा, कारण तिच्या तळाशीही तोच थर बसतो.

१८. हुकाजवळ पिवळट दगडासारखं जमलंय. गोळीने का जात नाही?

ते किटण आहे. थरात लाळेतला कॅल्शियम बसून तो कडक झालाय. गोळी थोडं सैल करू शकते, काढू शकत नाही. सुरीने किंवा पिनेने खरवडू नका, ओरखड्यांचं काय होतं ते प्रश्न ६ मध्ये आलंय. दवाखान्यात अल्ट्रासॉनिक मशीनने ते थोड्या वेळात निघतं. घरी मिळणारी छोटी अल्ट्रासॉनिक यंत्रं त्यापेक्षा कमजोर असतात. ब्रशच्या जोडीला ठीक, ब्रशऐवजी नाही.

१९. गोळी सुरू केल्यापासून तोंडाची आग होते. ॲलर्जी असेल का?

असू शकते. परसल्फेटची ॲलर्जी काही लोकांना होते: हिरड्या हुळहुळणं, पुरळ, ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २००८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता आणि उत्पादकांना पाकिटावरची सूचना बदलायला सांगितलं होतं. ही ॲलर्जी बरीच वर्षं वापरल्यावरही उद्भवू शकते. गोळी बंद करा, कवळी नुसत्या साबण-पाण्याने धुवा, डॉक्टरांना दाखवा. सूज किंवा श्वासाचा त्रास असेल तर लगेच दवाखाना गाठा. परसल्फेट नसलेल्या गोळ्याही असतात, पाकिटावरची घटकांची यादी वाचून घ्या.

२०. आईचे हात थरथरतात, तिला ब्रश धरवत नाही. तिच्यासाठी तरी नुसती गोळी चालेल का?

जे अजिबात काही करू शकत नाहीत, त्यांच्यासाठी नुसती गोळी ही काही न करण्यापेक्षा नक्कीच बरी. पण आधी एक उपाय करून पाहा: बेसिनला चिकटून बसणारा, रबरी चकतीचा ब्रश मिळतो. ब्रश स्थिर राहतो आणि दोन्ही हातांनी कवळी त्यावर फिरवता येते. जाड मुठीचा ब्रशही काहींना जमतो. तेही जमत नसेल, तर दिवसातून एकदा, रात्री, तुम्ही ब्रश करून द्या आणि बाकी गोळीवर सोडा.

त्यांना विसरण्याचा आजार असेल, तर गोळ्या कपाटात बंद ठेवा. ही गोळी औषधासारखी दिसते.

२१. चुकून कोणी गोळी खाल्ली किंवा ते पाणी प्यायलं तर?

तोंड पाण्याने धुवा, उलटी करायला लावू नका आणि पाकीट सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. याच कारणासाठी गोळी तोंडात ठेवून चघळणं किंवा ते पाणी चूळ भरायला वापरणं हेही कधी करायचं नाही. कवळी तोंडात असतानाच गोळीच्या पाण्याने खळखळून धुता येईल का, असं काही जण विचारतात. नाही, कवळी आधी काढायची.

२२. गोळ्या संपल्या आहेत, दोन-चार दिवस मिळणार नाहीत. काय करू?

घाबरू नका. सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रश आणि साबणाचा थेंब, हुकांच्या आत बारीक ब्रश, प्रत्येक खाण्यानंतर नळाखाली धुणं आणि रात्री ताज्या साध्या पाण्यात ठेवणं, एवढं केलंत तर चार दिवसांत काही बिघडत नाही. गोळी आहे पण ब्रश नाही, ही अवस्था मला जास्त काळजीची वाटते. प्रवासाला निघताना एकच वस्तू बॅगेत मावत असेल, तर ब्रश घ्या.